दिसलं ते लिहिलं

सेवाग्राम आश्रमात जपून ठेवलेल्या वस्तूंमध्ये लांब दांड्याचा एक लाकडी चिमटा आणि एक पिंजरा आहे. आश्रमात साप निघाला तर मारायचा नाही; चिमट्यात अलगद धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात नेऊन सोडायचा, असा इथला नेम होता. १९३६ साली गांधीजी राहायला आले तेव्हा शेगाव नावाचं हे खेडं काळ्या वावरांच्या मधोमध होतं. पावसाळ्यात साप निघणारच. येणारे पाहुणे चिमट्यावर नजर टाकून पुढे सरकतात, माझा पाय मात्र तिथे अडतो. त्या पिंजऱ्यातून कोणकोणते साप गेले, कोणत्या महिन्यात जास्त निघाले, कोणत्या कुटीपाशी निघाले, एवढी चार रकान्यांची वही आज हाती असती तर नव्वद वर्षांपूर्वीची इथली जमीन आपल्याला वाचता आली असती.

वर्ध्यातल्या माझ्या मित्राकडे अशी वही आहे. ती घेऊनच आम्ही नोव्हेंबरात निघालो. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. २०२० पासून राज्य शासनानं हा आठवडा पाळायचं ठरवलं. या आठवड्यात ठिकठिकाणी सहली निघतात, याद्या होतात. आमचा बेत साधा होता. जिल्ह्यातल्या पाण्याच्या काठाकाठानं जायचं, मुद्दाम काही शोधायचं नाही, वाटेत जे आपसूक दिसेल ते लिहायचं. धाम, बोर आणि शेवटी वर्धा.

वर्ध्याहून समुद्र लांब, तरी काठावरच्या नोंदीचं मोल मला पटलं ते समुद्रामुळेच. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या परावर धातूचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. रात्रीच्या अंधारात कोणीतरी त्या बिल्ल्यावरचा आकडा नीट वाचला आणि जसाच्या तसा कळवला. पूर्व किनाऱ्याची कासवं वळसा घालून पश्चिमेलाही येतात, हे त्या एका आकड्यानं हाती आलं. आपल्याकडच्या तलावांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या पट्टकादंबांचंही तसंच. मंगोलियात गळ्याला पट्टी चढवलेले कादंब भारतातल्या पाणथळींवर लोकांनी दुर्बिणीतून वाचले आहेत. पट्टी नुसती पाहिली तर ती आठवण, तिच्यावरची अक्षरं वाचून कळवली तर प्रवासाचा पुरावा.

पवनारला धामच्या पात्रात काळे खडक उघडे पडले होते. वर टेकाडावर विनोबांचा परंधाम आश्रम, खाली पात्रात छत्री. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी इथे विसर्जित केल्या, म्हणून दर १२ फेब्रुवारीला इथे लोक जमतात. त्या सकाळी आमच्याशिवाय कपडे धुणाऱ्या दोन बाया आणि खडकाखडकांवर शेपटी हलवत फिरणारे धोबी पक्षी, एवढेच होते. धोबी हिवाळ्याचे पाहुणे. हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतात. मित्रानं खडकांच्या रांगा ठरवून डावीकडून उजवीकडे मोजले: पांढरे धोबी अकरा, करडे तीन. मग टिटव्या, शेकाटे, एक बंड्या. पाण्यावरून एक नदी सुरय खाली-वर करत गेला.

वहीचे रकाने मी आधी पाहिलेले होते, पण ते भरताना पाहणं वेगळं. तारीख, वेळ सुरू आणि बंद, ठिकाण, किती, काय करत होतं, कोणी पाहिलं, आणि शेवटचा रकाना खात्रीचा. त्यात तीनच शब्द चालतात: ‘पाहिलं’, ‘खूण’ किंवा ‘ऐकीव’. खूण म्हणजे ठसा, विष्ठा, पीस, कात. ऐकीव लिहायला हरकत नाही, पण ते ‘पाहिलं’च्या रकान्यात कधी जाऊ द्यायचं नाही. आम्ही उठणार तोच उंचावरून एक शिकारी पक्षी गेला. पंख लांब, शेपूट अरुंद, उन्हाविरुद्ध नुसता काळा. मला भोवत्या वाटला, तसं मी म्हणालोही. मित्रानं लिहिलं: ‘शिकारी पक्षी, एक, ओळख पटली नाही.’ आणि वेळ टाकली. हा शिस्तीचा भाग मला फार मोलाचा वाटतो. ओळख पटली नाही ही सुद्धा नोंद आहे, आणि ती खरी आहे.

खोटी नोंद काय करते याचं उदाहरण आपल्या शेजारीच घडलं. रानपिंगळा हे घुबड १८७३ मध्ये जगाला ठाऊक झालं. १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसननं मिळवलेल्या नमुन्यानंतर ते जणू गडप झालं. मग रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मांडवीला रानपिंगळा मिळवल्याचं सांगितलं. नमुना संग्रहात होता, चिठ्ठी होती, तारीख होती. शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर चुकीच्या जागी हिंडले. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा उघड झालं की ते पाखरू डेव्हिडसनचंच, संग्रहालयातून चोरलेलं आणि नवी चिठ्ठी लावलेलं. खोटी चिठ्ठी बाजूला सारून त्या आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही आढळला, म्हणजे वर्ध्याहून फार दूर नाही. एका माणसाच्या बढाईपायी एका पक्ष्याचा शोध लांबला, याचा मला आजही संताप येतो.

पवनारहून सेलू, हिंगणी करत बोर धरणावर. रस्त्याला दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी फुटलेली, वेचणी चालू, तुरीला पिवळी फुलं. तारांवर नीलपंख दिसत राहिले. वर्धेकरांनी मतदान घेऊन शहराचा पक्षी म्हणून याचीच निवड केली आहे. बहार नेचर फाउंडेशन या इथल्या संस्थेनं ती निवडणूक घडवून आणली. मित्र प्रत्येक नीलपंख लिहीत होता, प्रत्येक कोतवाल, प्रत्येक साळुंकी. मोटारसायकल थांबवून थांबवून वेळ जात होता. रस्त्यालगत वेचणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “काय लिहून राहिले जी एवढं?” पाखरं, म्हटल्यावर ती हसली. “हे तं रोजचेच आहेत. वाघ पाहा न बोरात.”

रोजच्यांचंच लिहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. गिधाडांनी ते शिकवलं. चाळिशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, मेलेल्या ढोरावर तुटून पडलेली गिधाडं त्यानं पाहिली आहेत. १९९० नंतर ती पाहता पाहता गेली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण गावोगाव कोणत्या साली शेवटचं गिधाड उतरलं, हे आपल्याला सांगता येत नाही. ती इतकी होती की कोणाला लिहावंसं वाटलं नाही. दुर्मिळ पाखरू दिसलं की दहा जण धावतात. साधं पाखरू मात्र मुकाट्यानं जातं.

बोर अभयारण्य १९७० सालचं, २०१४ मध्ये ते व्याघ्रप्रकल्प झालं. १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. लहान असलं तरी पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबाच्या मधल्या येण्याजाण्याच्या वाटांवर ते आहे, आणि त्यातच त्याचं महत्त्व. आम्ही जिप्सी घेतली नाही. धरणाच्या पाण्याकडेला बसून राहिलो. पाण्यावर हवा भरलेल्या ट्यूबवर बसून एक ढीवर जाळं ओढत होता. पलीकडच्या काठावर चितळांचा कळप पाण्याला आला. मागे एक नर, शिंगं मखमलीतली. राखी बगळे, पाणकावळे, अडईचा थवा. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या कच्च्या रस्त्यानं परत फिरलो, आणि तिथेच तो ठसा मिळाला.

बारीक फुफाट्यात उमटलेला पंजा. मित्र रस्त्याच्या कडेनं चालत गेला, ठशावर पाय पडू दिला नाही. चार बोटं, नखांची खूण नाही, मागची गादी तळाला तीन भागांत विभागलेली. नख उमटलं असतं तर कुत्र्याच्या जातीतलं काही. मांजराच्या जातीत नखं आत ओढलेली असतात. आकार बिबट्याच्या मानानं फारच मोठा. कडा अजून उभ्या होत्या, पण ठशाच्या मधून एका किड्याची बारीक रेघ आडवी गेली होती, आणि फुफाट्यावर दवाचे सुईच्या टोकाएवढे खड्डे ठशाच्या आतही पडलेले होते. म्हणजे दव पडायच्या आधी, मागच्या रात्रीच्या पहिल्या प्रहरात वाघ इथून गेला. मित्रानं शेजारी पेन ठेवून फोटो काढला, दोन ठशांमधलं अंतर मोजलं, तोंड कोणत्या दिशेला ते लिहिलं. खात्रीच्या रकान्यात ‘खूण’. ठसा नर की मादीचा, हे लिहिलं नाही. पूर्वी याच ठशांवरून काचेवर आकृती काढून, प्लास्टरचे साचे घेऊन देशभर वाघ मोजत. २००५ मध्ये सारिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघडकीला आलं. ती पद्धत मागे पडली. आता कॅमेऱ्यात आलेल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात.

पट्ट्यांनी एका वाघाची अख्खी वाट उलगडली, ती याच मुलखातून गेलेली. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातला एक तरुण नर २०१८ मध्ये निघाला, आणि ऑक्टोबरात वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वेच्या भागात पोचला. तिथे त्याच्या हल्ल्यात दोन माणसं गेली. पुढे तो मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात सारणीपर्यंत गेला आणि डिसेंबरात पकडला गेला. ठिकठिकाणचे फोटो पट्ट्यांवरून जुळले तेव्हा तो एकच वाघ आहे हे कळलं. मधल्या दिवसांत तो कुठे होता, हे सांगणारं काय होतं? कुठे शेतातला ठसा, कुठे मारलेली गाय, कुठे जागलीला गेलेल्या कास्तकारानं लांबून पाहिलेलं काहीतरी.

दुसरी एक वाघीण होती, तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. ब्रह्मपुरीत माणसं मारली म्हणून २०१७ च्या जुलैत तिला पकडून बोरमध्ये सोडलं. ती थांबली नाही. जिल्ह्याच्या, विभागाच्या हद्दी ओलांडत शेकडो किलोमीटर फिरली. वाटेत पुन्हा माणसं गेली, तिला मारायचे हुकूम निघाले. ऑक्टोबरात कारंजा घाडगे तालुक्यात सिंदीविहिरीजवळ, रानडुकरांपासून पीक वाचवायला सोडलेल्या विजेच्या तारेवर ती मेली. त्याच वर्षाच्या अखेरीला बोरचा नावाजलेला नर बाजीराव नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ वाहनाखाली गेला. गेलेल्या माणसांच्या घरांची आठवण ठेवूनच हे लिहितो आहे. वाघ या गावांतून जात-येत राहणार. कोठून जातो हे आधी ठाऊक असेल तर तार सोडणारा, ढोरं चारणारी, रात्री पाणी द्यायला निघालेला, सगळेच सावध राहू शकतात.

कारंज्याहून आर्वीला जाताना संत्र्याच्या बागा लागतात, मधूनच पडीक माळ. याच भागातली गवळाऊ गाय, पांढरी, निमुळत्या तोंडाची. तिचे कळप घेऊन नंद गवळी इथल्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले. गुराखी हा नोंद ठेवणाऱ्याचा सर्वांत चांगला मित्र असतो. लांडगा कुठल्या नाल्यात बसतो, काळवीट कोणत्या वावरात उतरतात, त्याला विचारावं.

दिवस कलल्यावर रस्त्यावर काहीतरी पडलेलं दिसलं. आम्ही थांबलो. रातवा होता, मेलेला, अंग अजून ऊबदार. हा पक्षी जिवंतपणी हातभर अंतरावर असला तरी दिसत नाही, वाळक्या पानांत मिसळून जातो. संध्याकाळी तापलेल्या डांबरावर येऊन बसतो आणि दिव्यांच्या झोतात सापडतो. मित्रानं त्याला हातात घेतलं. चोच इवलीशी, पण जबडा उघडला तर थेट डोळ्यांच्या मागेपर्यंत. जबड्याच्या कडेला राठ केस. पंखावर राखाडी, तपकिरी, काळ्या रेघांची इतकी बारीक नक्षी की एकही पीस दुसऱ्यासारखं नाही. मधल्या बोटाच्या नखाला आतून फणीसारखे दाते होते, पिसं विंचरायला. आम्ही जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहिला, फोटो काढला आणि त्याला झुडपाखाली ठेवलं, म्हणजे त्याला खायला येणारं मुंगूस किंवा कोल्हा तरी रस्त्यावर येणार नाही.

रस्त्यावरचे मेलेले जीव लिहायला मन धजत नाही, पण या नोंदींइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. एका वळणावर, एका नाल्यापाशी पुन्हा पुन्हा तेच लिहिलं गेलं तर तिथे गती कमी करणारा अडथळा मागता येतो, खालून वाट मागता येते. या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्यावर वन्यप्राण्यांसाठी खालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत. त्या वाटा कोण वापरतं, कधी वापरतं, हे कळण्यासाठीही कोणीतरी तिथे जाऊन लिहायलाच हवं. जुन्या, साध्या रस्त्यांना तर अशा वाटाही नाहीत.

अशा सुट्या नोंदींना मान देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८८३ मध्ये मुंबईत आठ जण आपापली निरीक्षणं एकमेकांना सांगायला जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) उभी राहिली. १८८६ पासून तिचं नियतकालिक निघतं. त्याच्या शेवटी किरकोळ नोंदींचा विभाग असतो, वनाधिकारी, इंजिनिअर, मळेवाले यांनी जाता-येता पाहिलेलं. नागपूरच्या अजब बंगल्याचे अभिरक्षक डी’अब्रू यांची मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये तिथेच छापली गेली. आज मित्र वहीतलं घरी जाऊन ई-बर्डवर चढवतो, सापविंचू आणि फुलपाखरं आयनॅचरलिस्टवर. पक्षी कितीही साधा असो, किती वेळ चाललो आणि किती अंतर, हेही द्यावं लागतं. त्याशिवाय ‘दिसला नाही’ याला अर्थ येत नाही. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ही संकेतस्थळं झाकून ठेवतात. मित्र त्याहून कडक. घुबडाच्या ढोलीचं ठिकाण तो वहीबाहेर जाऊ देत नाही. दिवाळीच्या सुमाराला मंत्रतंत्रासाठी घुबडं धरणारे फिरतात, हे त्याला ठाऊक आहे. घरट्याचा फोटो गावभर फिरवणाऱ्यांचा मलाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊरवाड्याला वर्धा नदीच्या काठावर होतो. पलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. पलीकडचा काठ अमरावती जिल्ह्याचा. जिल्ह्याची हद्द पाण्याच्या मधून जाते, त्यामुळे पक्षी मोजताना काठ कोणता ते लिहावं लागतं. चक्रवाकांची जोडी वाळूच्या पट्ट्यावर होती, अमरावतीच्या बाजूला. आमच्या बाजूला चिखलात लहान तुतवार धावत होते. आम्ही मोजत असताना एक ढीवर काका नाव ओढून वर आले. वही पाहून त्यांनी आधी विचारलं, ही वनखात्याची का? नाही म्हटल्यावर बसले.

“वाघाचं लिहिता का? त्या साली पलीकडं मानसं मारली न, तो. इकडूनच उतरला म्हणत होते सारे.”

“तुम्ही पाहिला, काका?”

“नाही जी, मी नाही पाहला. माह्या साळ्यानं पाय पाहले वाळूत. मी तं मंग गेलो, तवा पानी चढलं होतं.”

मित्रानं त्यांच्यासमोरच लिहिलं: वाघ, ठसे, ऐकीव, दुसऱ्याकडून. महिना विचारला. दसऱ्याच्या मागंपुढं, असं ते म्हणाले. साल त्यांना आठवत नव्हतं, म्हणून साल कोरं ठेवलं. काका ते वाचून घेतल्यावर मान हलवत म्हणाले, बरोबर आहे, तसंच आहे. मग त्यांनी नावेतलं जाळं सरकवलं, खालून मूठभर ओली वाळू काढून बाजूला टाकली आणि म्हणाले, “कासवाचं सांगू का? ते मात्र माह्या डोळ्यानं पाहलं, परवाच.” मित्रानं नवं पान काढलं आणि पहिल्या रकान्यात परवाची तारीख घातली.